दुसऱ्या कानामागची तीट

राजारामपुरीतल्या त्या मुलींच्या वसतिगृहात सकाळी कुणी कुणाला ‘झोप लागली का’ असं विचारत नसे. पोह्यांची ताटली घेऊन मेसच्या बाकावर टेकता टेकता विचारायचं ते एवढंच, की “किती?”

“चौऱ्याऐंशी.”

“माझं एकोणऐंशी. काल आईशी भांडले फोनवर.”

“मग कशाला उचललास फोन? परीक्षा झाल्यावर भांडायचं!”

सगळ्या हसल्या. हसणं चांगलं असतं, हसण्याने आकडा वाढतो. शाल्मली रेडीज मात्र पोह्यांतले शेंगदाणे बाजूला काढत म्हणाली, “बहात्तर.” सत्तरच्या इतक्या जवळ आलेल्या मुलीशी काय बोलावं हे कुणालाच कळत नसे. एकीने आपल्या ताटलीतलं केळं उचलून मुकाट्याने तिच्यापुढे ठेवलं.

हा आकडा यायचा कानामागून. प्रत्येकीच्या उजव्या कानामागे टिकलीएवढी काळी चकती चिकटवलेली असे. सरकारदरबारी तिचं नाव ‘स्वास्थ्यवेधी’. पण बाळाला दृष्ट लागू नये म्हणून आया कानामागे काजळाचा ठिपका लावतात, त्याची आठवण कुणाला तरी झाली आणि चकतीला ‘तीट’ हे नाव पडलं ते कायमचं. तीट हृदयाचे ठोके मोजायची, श्वास मोजायची, घामातलं ताणद्रव्य चाखायची, झोप किती आणि कशी लागली ते टिपायची आणि सगळ्याचा मिळून शंभरपैकी एक आकडा फोनवर पाठवायची. तो स्वास्थ्यांक. एवढ्यावर तिचं काम संपत नसे. मेंदूतून निघून काळजापर्यंत आणि पोटापर्यंत उतरणाऱ्या एका लांबलचक नसेचा फाटा कानाशी येतो. माणूस घाबरला, तळमळला की तीट त्या फाट्याला हलके विद्युतस्पंद द्यायची. आईने पाठीवरून हात फिरवावा तसं वाटायचं, असं सुरुवातीला सगळ्याच म्हणत.

ज्यांनी हे सुरू केलं ती माणसं वाईट नव्हती. व्यवस्थापनाच्या मोठ्या संस्थांच्या प्रवेश परीक्षेची तयारी करताना काही वर्षांपूर्वी एकाच हंगामात बरीच मुलं आजारी पडली होती, काहींनी जीव दिला होता. पालक रस्त्यावर आले. मग नियम झाला, की परीक्षेआधीच्या सहा महिन्यांत ज्याचा स्वास्थ्यांक आठवडाभर सत्तरच्या खाली राहील, त्याला त्या वर्षी बसू द्यायचं नाही. त्याला ‘सक्तीची विश्रांती’. अंगावर येईल इतका अभ्यास करू नका, खा, प्या, झोपा, एवढंच त्यांना सांगायचं होतं. पण नियम आला की क्लास येतो. आकडेमोड, तर्क आणि वाचन या तीन पेपरांच्या जोडीला क्लासवाल्यांना चौथा पेपर मिळाला. पहाटे रंकाळा तलावाला फेरी, मग श्वासाचा तास, दुपारी हसण्याचा तास, संध्याकाळी ‘चिंतामुक्ती सराव चाचणी’. बरं असणं हाही आता अभ्यासाचा विषय होता आणि त्यात नापास होण्याच्या भीतीने पोरी आजारी पडत होत्या. रोगापेक्षा इलाज भयंकर म्हणतात तो हा.

शाल्मली मूळची चिपळूणची. गेल्या वर्षी ती परीक्षेच्या पूर्ण तयारीत होती, सराव परीक्षांत क्लासमध्ये दुसरी-तिसरी येत होती. परीक्षा महिन्यावर आली असताना तिचे बाबा गेले. आपल्या दुकानाच्या पायरीवर बसले ते उठलेच नाहीत. तेरावं आटोपून ती परत आली तेव्हा तिचा आकडा अठ्ठावन्न होता आणि तो वर यायला तयार नव्हता. परीक्षा मंडळाचा संदेश मोठा प्रेमळ होता. आपल्या दुःखात आम्ही सहभागी आहोत आणि आपल्याच हितासाठी आपल्याला विश्रांती देत आहोत. बाप गेल्यावर मुलीने किती दिवस किती रडावं याचाही एक आलेख त्यांच्याकडे होता आणि शाल्मली त्या रेषेच्या बाहेर गेली होती.

दुसऱ्यांदा सक्तीची विश्रांती मिळाली की दार कायमचं बंद. यंदा तिला ते टाळायचं होतं, दुसरं काही नाही. म्हणून ती बाबांची आठवण आली की लगेच आकडेमोडीचं एखादं गणित काढून बसायची. आईचा फोन आला की आधी पाणी प्यायची आणि मगच उचलायची.

“बाय, जेवलीस?” आई विचारायची.

“जेवले गं.”

“बाबांचं वर्षश्राद्ध जवळ आलं. येशील?”

“आई, नको ना तो विषय आत्ता.”

आई फोन ठेवायची. तिला वाटायचं, पोरगी दगड झाली.

शाल्मलीने काय केलं नाही? डोक्याला तेल, दुधात जायफळ, पायाला तूप. झोप येईना. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही, असं म्हणतात. त्यात झोपेचीही भर घालायला हवी. डोळे मिटून निश्चल पडून राहिलं तरी तीट फसत नसे. ती स्पंद वाढवत न्यायची आणि शाल्मली ताणलेलीच राहायची, की तीट आणखी वाढवायची. चकती आपल्या माणसावरून शिकत असते. शाल्मलीवरून ती एवढंच शिकली होती, की या मुलीला थोडक्याने काही होत नाही.

तिच्या खोलीतली दुसरी मुलगी होती नौशीन शिकलगार, कुरुंदवाडची. तिच्या अब्बांचं तिथे ड्रायव्हिंग स्कूल होतं. नौशीन दणदणीत जेवायची, दणदणीत हसायची आणि खुंटीला ओढणी अडकवावी इतक्या सहज झोपायची. तिचा आकडा नव्वदच्या खाली कधी आलेला नव्हता. तिकडच्या मुलींच्या रीतीप्रमाणे ती स्वतःबद्दल ‘जातो’, ‘येतो’ असंच बोलायची. शाल्मलीला आधी त्याचं हसू यायचं, मग ते इतकं अंगवळणी पडलं, की इतर मुलींचं बोलणंच बेगडी वाटायला लागलं.

आकडा बहात्तरचा एकाहत्तर झाला त्या दुपारी नौशीन कटवडा घेऊन खोलीत आली. शाल्मली खिडकीशी बसून नखं कुरतडत होती.

“खा आधी.”

“जात नाही गं घशाखाली.”

नौशीनने वड्याचा तुकडा मोडून तिच्या हातात कोंबला. “एक सांगू? तुझी तीट काढ आणि माझ्या ह्या दुसऱ्या कानामागं लाव. रात्रभर मी झोपतो की तुझ्या वाट्याचं. मला काय, पडलो की घोरालो!”

“वेडी आहेस का? कळेल त्यांना.”

“बघू तर. नोट्स देतोच की आपण एकमेकींना. झोप दिली म्हणून काय बिघडतंय?”

बघायला गेलं तर ही अक्कल याच पोरींना सुचावी अशी होती. सहा महिने एकीच्या नोट्स दुसरीने, दुसरीचे सोडवलेले पेपर तिसरीने वापरायचे, कुणाला काही कमी पडलं की शेजारणीने पुरवायचं, याची त्यांना सवय झाली होती. चकती कुत्र्यामांजराला लावून फसवू पाहणारे मंडळाने पहिल्याच वर्षी पकडले होते. पण माणूस बरा व्हायला लागला की तो आपल्या जुन्या नोंदींशी जुळेनासा होतो, जणू दुसराच कुणी झाला असावा. म्हणून बनवणाऱ्यांनी हळूहळू होणाऱ्या बदलाला मोकळीक ठेवली होती. आपली झोप कुणी उचलून मैत्रिणीला देईल, हे त्या हुशार माणसांच्या डोक्यातच आलं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात शाल्मलीचा आकडा पंचाहत्तर झाला. मग एक्क्याऐंशी. मेसच्या बाकावरच्या मुली पुन्हा तिच्याशी मोकळेपणाने बोलायला लागल्या.

आता रात्र अभ्यासाला मोकळी होती. तिचे सराव परीक्षेतले गुण वर जायला लागले, तसे केस गळायला लागले. पित्त उसळायचं, हात थरथरायचे, जिन्याच्या तिसऱ्या-चौथ्या पायरीवरच धाप लागायची. पण आकडा सांगायचा, की ही मुलगी ठणठणीत आहे, आणि गंमत अशी, की काही दिवसांनी शाल्मलीलाही ते खरं वाटायला लागलं. आधी फक्त रात्रीपुरती जाणारी तीट मग दुपारच्या वामकुक्षीलाही जायला लागली. दिवाळीनंतर ती नौशीनच्या डाव्या कानामागेच राहिली. क्लासमध्ये तपासणी असली तर तेवढ्यापुरती शाल्मली ती मागून घ्यायची. नौशीन केस मोकळे सोडायची, वरून ओढणी घ्यायची, कुणाला पत्ता लागत नसे.

क्लासच्या स्वास्थ्य अधिकारी डॉ. पद्मजा हेर्लेकर यांनी तर शाल्मलीला नव्या मुलांपुढे उभं केलं. “वर्षापूर्वी ही अठ्ठावन्नवर होती,” त्या कौतुकाने म्हणाल्या, “आज एकोणनव्वद. सांग बाळा, काय केलंस?”

डोळ्यांखालची काळी वर्तुळं पावडरीने झाकून शाल्मली बोलली. वेळेवर झोपा, म्हणाली. मन मोकळं करा, म्हणाली. मैत्रिणींचा आधार घ्या, हेही म्हणाली, आणि निदान तेवढं तरी खोटं नव्हतं. मुलं लिहून घेत होती. मागच्या रांगेत नौशीन बसली होती. एरवी अशा प्रसंगी ती ओढणीत तोंड खुपसून हसून हसून बेजार झाली असती. त्या दिवशी ती नुसती बघत होती. चेहऱ्यावर एक मंद, सारखं स्मित होतं, भाषणाच्या आधीही तेच आणि नंतरही तेच.

ते शाल्मलीला दिसलं नाही असं नाही. दिसलं, पण परीक्षा जवळ आली होती. नौशीन आता जेवण अर्धं टाकून उठायची. का गं, विचारलं तर म्हणायची, “भूक हाय की. पण नसलं जेवण तरी चालतंय.” तिच्या बहिणीला मुलगी झाल्याचा फोन आला तर म्हणाली, “बरं झालं,” आणि फोन ठेवला. सराव परीक्षेत ती तळाला गेली. पूर्वी दोन गुण कमी आले तरी आदळआपट करणारी पोरगी. निकाल बघून तिने शांतपणे पाण्याची बाटली भरून घेतली. तिचा स्वास्थ्यांक अठ्ठ्याण्णव झाला होता. क्लासमध्ये एवढा आकडा आजवर कुणाचाच आलेला नव्हता. फलकावर तिचा फोटो लागला.

“किती शांत झालीस गं तू,” शाल्मली एकदा म्हणाली. मनातून तिला हेवा वाटला, हेही खरं.

मग एका दुपारी क्लास सुटल्यावर दोघी नौशीनच्या स्कूटरवरून परत येत होत्या. ऊस हंगाम सुरू झाला होता आणि रस्त्यावर साखर कारखान्याकडे निघालेल्या ट्रॉल्या होत्या. चौकात उजवीकडून एक ट्रॅक्टर आला. मागे दोन ट्रॉल्या, वर माळ्याइतका उंच ऊस रचलेला. शाल्मलीला तो लांबूनच दिसला. नौशीन थांबेल म्हणून ती निवांत होती. ड्रायव्हिंग स्कूलवाल्याची मुलगी ती. तिच्याइतकं सांभाळून गाडी चालवणारं वसतिगृहात कुणी नव्हतं. पण स्कूटरचा वेग कमी झाला नाही. वाढलाही नाही. ती सरळ, एका लयीत, ट्रॅक्टरच्या दिशेने चालली होती.

“नौशीन! अगं ब्रेक!”

शाल्मलीने मागून हात घालून हँडल ओढलं. स्कूटर आडवी होऊन घसरत गेली. ट्रॅक्टरवाला शिव्या हासडत, भोंगा वाजवत वीतभर अंतरावरून निघून गेला आणि रस्त्यावर उसाची चार कांडकी पडली.

नौशीनच्या गुडघ्यातून रक्त येत होतं. ती उठून बसली आणि तिने कपड्यांवरची माती झटकली.

“दिसला नाही का तुला?” शाल्मली किंचाळली.

“दिसला होता की.”

“मग?”

नौशीनने खरंच विचार केला. “आता थांबायला पाहिजे, हे कळालं होतं मला. पण थांबावंसं वाटलं नाही.”

“म्हणजे मरायचं होतं का तुला?”

“नाही गं. मरायचं कशाला? काहीच वाटलं नाही, एवढंच.”

शाल्मलीने फोन काढून आपला आकडा पाहिला. एक्क्याण्णव. नौशीनच्या फोनवर अठ्ठ्याण्णव. मृत्यू वीतभरावरून गेला आणि दोन्ही आकडे जागचे हलले नव्हते.

तेव्हा तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला, आणि तो पडू नये असंच तिला वाटत राहिलं. बाप गेलेल्या, झोप उडालेल्या, कशालाही न बधणाऱ्या मुलीला शांत करण्यासाठी जी चकती आपला जोर चढवत चढवत टोकाला पोचली होती, ती मुळातच शांत असलेल्या मुलीच्या कानामागे किती आठवडे बसली होती! शिवाय तिची स्वतःची दुसऱ्या कानामागे. दोन्हींनी मिळून भीती पुसली होती. आणि भीती पुसताना तिच्या शेजारची भूक, हसू, राग, सगळंच हळूहळू पुसलं गेलं असणार. शाल्मलीने तिथेच, फुटपाथवर, नौशीनच्या डाव्या कानामागची तीट ओरबाडून काढली. खाली कातडीवर पांढरा गोल उमटला होता.

नौशीनला घेऊन ती तडक हेर्लेकर मॅडमकडे गेली आणि पहिल्यापासून सगळं सांगून टाकलं. मॅडमनी आधी संगणकाच्या पडद्याकडे पाहिलं, मग बाहेरच्या बाकावर गुडघ्याला पट्टी बांधून बसलेल्या नौशीनकडे. त्यांनी तिला आत बोलावलं, डोळ्यांत बॅटरी मारली, अचानक टेबलावर जोरात फाईल आपटली. नौशीनची पापणी लवली. बाकी काही नाही.

तिला पुन्हा बाहेर बसवून मॅडम खुर्चीत कोसळल्यासारख्या बसल्या. “तू काय करून ठेवलंस हे?”

“मॅडम, तिला दवाखान्यात न्या. प्लीज.”

“कुठल्या? पन्नासच्या खाली गेलेल्यांसाठी सगळं आहे गं. गाडी आहे, वॉर्ड आहे, रात्री-अपरात्री फोन उचलणारे डॉक्टर आहेत. अठ्ठ्याण्णव असलेली मुलगी आजारी आहे म्हणून मी कुठे नोंदवू? तशी जागाच नाही यंत्रणेत.” त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. “मी इथे आले ना, तेव्हा मुली माझ्याकडे येऊन रडायच्या. आता आकडा सांगतात आणि जातात. मलाही सोपं वाटायला लागलं होतं ते.”

त्यांनी उठून खोलीचं दार लोटलं. मग मॅडम खालच्या आवाजात म्हणाल्या, “हे बघ. मी लिहून दिलं तर तुम्ही दोघीही बाद. तू तर कायमची. क्लासचं काय होईल ते वेगळंच. परीक्षा तोंडावर आलीय. तेवढे दिवस जाऊ देत. तिला गाडी चालवू देऊ नकोस, सोबत राहा. परीक्षा झाली की स्पंद हळूहळू उतरवू आपण.”

“आणि माझी तीट?”

मॅडमनी तिच्या नजरेला नजर दिली नाही. “ते मी ऐकलेलं नाही,” त्या म्हणाल्या.

शाल्मली बाहेर आली ती तीट मुठीत धरून. थोडे दिवस! वर्षभर बाबांसाठी एक अश्रू न ढाळता तिने जे सांभाळलं होतं, ते आता थोड्याच दिवसांवर होतं. स्वतःच्या कानामागे चकती लावली तर संध्याकाळच्या आत आकडा घसरणार आणि आठवडाभर वर येणार नाही. फार वेळ न लावली तर नोंद तुटणार, तेही बादच. आणि नौशीनला आणखी थोड्या दिवसांनी असा काय फरक पडणार होता? जे व्हायचं ते होऊनच गेलं होतं. तिला स्वतःचाच हा हिशेब ऐकू येत होता, आणि तो बरोबर होता.

खोलीत गेल्यावर ती नौशीनसमोर उभी राहिली. काय बोलायचं ते तिचं ठरलं नव्हतं. नौशीनने तिच्या मुठीकडे पाहिलं आणि काही न विचारता केस बाजूला करून डावा कान पुढे केला.

शाल्मलीला तिथेच भडभडून आलं. तिने ती तीट स्वतःच्या कानामागे दाबून बसवली, मग नौशीनच्या उजव्या कानामागची काढली आणि दोघींच्या पिशव्या भरायला घेतल्या.

कुरुंदवाडच्या बसमध्ये तिचा फोन सारखा थरथरत होता. एकोणसत्तर. बासष्ट. सत्तावन्न. ‘आपण ठीक आहात ना? दीर्घ श्वास घ्या.’ कानामागे स्पंदांचा मारा चालला होता आणि त्याने काडीचाही फरक पडत नव्हता. शेजारी नौशीन खिडकीबाहेर उसाचे फड बघत बसली होती.

ड्रायव्हिंग स्कूलच्या अंगणात शिकाऊ पाटी लावलेली गाडी उभी होती. नौशीनच्या अब्बांनी सगळं उभ्यानेच ऐकलं. शाल्मलीला वाटलं, आता हा माणूस आपल्या श्रीमुखात भडकवेल, आणि भडकवावी. पण ते आधी मुलीजवळ गेले. तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, “बेटा, मी तुला ओळखतोय. तू मला ओळखतीस न्हवं?”

“ओळखतो की अब्बा. असं काय विचारताय?”

तिच्या आवाजात काहीच नव्हतं. अब्बांनी हात काढून घेतला आणि तोंड फिरवलं. मग शाल्मलीकडे वळून त्यांनी विचारलं, “आणि पोरी, तुझी परीक्षा?”

“गेली.”

मिरजेतल्या मेंदूच्या डॉक्टरांना फोन लावायला ते आत गेले. बराच वेळ त्यांचा आवाज येत होता. आतून नौशीनच्या अम्मीचं रडणं ऐकू आलं, मग भांडं पडल्याचा आवाज. बाहेर येऊन अब्बा म्हणाले, “उद्या सकाळी बोलावलंय. असं कुणाचं झालेलं त्यांनी आजवर बघितलेलं न्हाई म्हणत्यात. येईल म्हणे परत, हळूहळू. न्हाई तर...” ते पुन्हा आत गेले.

अंगणाच्या पायरीवर दोघीच उरल्या. दिवस कलला होता. शाल्मली रडायला लागली. आधी नौशीनसाठी रडली, आपण तिला काय केलं म्हणून रडली. मग बंधाराच फुटला. दुकानाच्या पायरीवर बसलेले बाबा आठवले, त्यांच्या खिशातलं चष्म्याचं घर आठवलं, वर्षश्राद्धाला येशील का विचारणारी आई आठवली. वर्षभर आकड्याच्या भीतीने आत दाबून ठेवलेलं सगळं हुंदक्यांनी बाहेर आलं. फोन अंगणात कुठेतरी पडून ओरडत होता, त्रेचाळीस, एकोणचाळीस, आणि तिला त्याची फिकीर नव्हती. नाक गळत होतं, आवाज चिरकत होता, पोट आवळून आवळून दुखायला लागलं होतं. आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा तिला पुरेसा श्वास मिळत होता.

नौशीन तिच्याकडे टक लावून बघत होती. क्लासमध्ये एखादं अवघड गणित फळ्यावर सुटत असताना ती अशी बघायची. तिने हात पुढे करून शाल्मलीच्या गालावरचं पाणी बोटावर घेतलं आणि ते बोट डोळ्यांजवळ नेऊन निरखलं. आतून अम्मीच्या रडण्याचा आवाज अजून येत होता. तिने तिकडे एकदा मान वळवली, पुन्हा शाल्मलीकडे पाहिलं. तिच्या कपाळावर एक बारीकशी आठी पडली.

“अम्मी रडालीया,” ती सावकाश म्हणाली. “मलाबी रडायला यायला पाहिजे ना आता?”

शाल्मलीने ‘हो’ म्हणून मान हलवली.

“मी विसरलो गं कसं करतात ते,” नौशीन म्हणाली. ती पायरीवर जरा सरकून शाल्मलीच्या अगदी जवळ बसली, नवा धडा घेताना बसायची तशी. “तू शिकव की मला. सांग, सुरुवात कुठनं करायची असते?”